स्केचअपमध्ये सावली लावताना या चुका टाळा

स्केचअप या थ्रीडी मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शॅडो (उन्हाची सावली) चालू केल्यावर मॉडेल काळवंडलं, की बहुतेकांचा हात आधी ‘लाइट’ आणि ‘डार्क’च्या स्लायडरकडे जातो. मागेपुढे करून चित्र बरं दिसायला लागलं की काम झालं असं वाटतं. पण मूळ दोष सहसा तिथे नसतोच. सूर्य भलत्याच गावात उगवलेला असतो.

लोकेशन दिलं नसेल तर स्केचअप बऱ्याचदा अमेरिकेतलं बोल्डर, कोलोराडो धरून चालतं. सॉफ्टवेअरचा जन्म तिथला, म्हणून. बोल्डर ४० अंश उत्तर अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. फरक किती पडतो ते बघा. २१ डिसेंबरला मध्यान्ही १० फूट उंच भिंतीची सावली पुण्यात जेमतेम ९ फूट पडते, बोल्डरला २० फूट. दक्षिणेच्या खिडकीवर २ फुटांचा छज्जा काढलात, तर त्याच वेळी पुण्यात तो खाली सव्वादोन फूट सावली देतो, बोल्डरला फक्त १ फूट. म्हणजे पुरेसा असलेला छज्जा तुम्ही क्लायंटला अपुरा म्हणून दाखवणार, आणि तो बिचारा वाढवून घेणार.

तेव्हा आधी ‘मॉडेल इन्फो’त जाऊन ‘जिओ-लोकेशन’ भरा. इंटरनेटवरून नकाशा नको असेल तर अक्षांश-रेखांश हाताने टाका. मग शॅडोच्या पॅनेलमधला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) +५:३० म्हणजे भारतीय वेळेचा आहे ना, ते डोळ्यांनी बघून घ्या. खात्री करायची सोपी युक्ती: तारीख २१ जून ठेवा, वेळ दुपारी साडेबाराच्या पुढे. पुण्यात त्या दिवशी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे १० फुटी भिंतीची सावली साधारण १० इंचच, आणि तीही दक्षिणेकडे पडायला हवी. उत्तरेकडे ३ फूट दिसली तर तुम्ही अजून कोलोराडोतच आहात. आणि हो, सावली बाराच्या ठोक्याला सर्वांत आखूड होत नाही म्हणून घाबरू नका. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात, पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे.

दुसरी चूक उत्तरेची. स्केचअप हिरव्या अक्षाला उत्तर मानतं. आपण मात्र प्लॅन कागदावर सरळ बसावा म्हणून प्लॉट फिरवून घेतो आणि विसरतो. मग पश्चिमेच्या गॅलरीत सकाळचं ऊन! क्लायंट पहिल्यांदा तेच विचारतो, ‘दुपारी गॅलरीत ऊन येतं का?’ साइट प्लॅनवरचा उत्तरेचा बाण बघून सगळं मॉडेल तेवढ्या अंशांनी फिरवा, नाहीतर ‘सोलर नॉर्थ’ या एक्स्टेन्शनने (वेगळ्या जोडायच्या पुरवणीने) कोन द्या. इंटिरियरवाल्यांनीही हे टाळू नये.

आता फेसकडे, म्हणजे मॉडेलच्या सपाट पृष्ठांकडे. प्रत्येक फेसला पुढची आणि मागची बाजू असते. ऑटोकॅडमधून (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधून) प्लॅन आणून भिंती उचलल्या की काही फेस निळसर-करडे दिसतात. तो सावलीचा दोष नाही, फेस उलटा आहे, मागची बाजू बाहेर आलीय. ‘मोनोक्रोम’ स्टाइल लावली की सगळे उलटे फेस एका नजरेत सापडतात. एखादा असेल तर ‘रिव्हर्स फेसेस’. बरेच असतील तर एक सुलटा फेस निवडून ‘ओरिएंट फेसेस’, त्याला जोडलेले आपोआप सुधारतात. फरशी चमचमत असेल तर दोन फेस एकमेकांवर पडलेत, एक काढून टाका.

काचेचं एक ध्यानात ठेवा: मटेरियलची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ७० टक्क्यांच्या खाली गेली की त्याची सावलीच पडत नाही. ‘पॉलिकार्बोनेटचं शेड लावलं, सावली कुठाय?’ याचं उत्तर इथे आहे.

खोलीत भिंत आणि छताच्या सांध्यातून उन्हाची रेघ झिरपत असेल तर भिंत बहुधा एकाच फेसची आहे, तिला जाडी द्या. बेसमेंट किंवा उतारावरचा प्लॉट असेल आणि जमिनीवर अधांतरी सावलीचा पडदा दिसत असेल, तर ‘ऑन ग्राउंड’ची खूण काढा. ती सावली शून्य पातळीवर पडते, तुमच्या खड्ड्यात नाही.

एवढं झाल्यावर स्लायडर. इथे गंमत अशी की ‘डार्क’ वाढवला तर सावली गडद नाही, फिकट होते. आतल्या भागाचा तपशील दिसेना, तर हाच थोडा उजवीकडे न्या. ‘लाइट’ला हात लावायची गरज क्वचितच पडते.

काम करताना शॅडो बंद ठेवलेली बरी, जुना लॅपटॉप धापा टाकतो. त्याऐवजी ‘यूज सन फॉर शेडिंग’ चालू ठेवा. पडसावल्या न पडताही उन्हाची बाजू आणि आडची बाजू वेगळी कळते. आणि सकाळ, दुपार, संध्याकाळचे सीन (जपून ठेवलेली दृश्यं) केले असतील तर बदल केल्यावर प्रत्येक सीन अपडेट करा, त्यात ‘शॅडो सेटिंग्ज’ची खूण आहे का तेही बघा. नाहीतर सीनवर क्लिक करताच जुनी वेळ परत येते.