मोठ्या कॉन्सर्टचं तिकीट परवडत नसेल तर ट्रिब्युट बँड बघा

२०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड नवी मुंबईत आला तेव्हा तिकिटंच अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती, वर बेळगावातनं तिकडं जायचं, राहायचं, खायचं, म्हणजे दोघांचा खर्च बघून निम्म्या लोकांनी नादच सोडला असेल. त्यापेक्षा एकाच बँडची किंवा गायकाची गाणी वाजवणारे ट्रिब्युट बँड पुणे नायतर गोव्यात कधी वाजवतात ते बघत राहा, तिकीट बरंच कमी आणि स्टेज अगदी जवळ. नक्कल म्हणून नाक मुरडू नका हं, द ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो हा १९८८ पासूनचा ट्रिब्युट बँड इतका चांगला की मूळ पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या गिटारिस्टनं, खुद्द डेव्हिड गिल्मरनं, आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांना वाजवायला बोलावलं होतं!

फक्त तिकीट काढायच्या आधी यूट्यूबवर त्यांचा मोबाईलवर शूट केलेला लाइव्ह व्हिडिओ बघा, एडिट केलेला प्रोमो नको. ड्रमर खरंच वाजवतोय की मागं रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावलाय ते तिथंच कळतंय. आणि गणपतीत गल्लीतल्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा असला तर तो सोडू नका, तिथं जुनी गाणी फुकटात आणि मन लावून ऐकायला मिळतात.