रंगमंचावरील कॉर्डलेस माइक: निवड, मांडणी आणि हाताळणी

गोव्यात रंगमंच दोन प्रकारचे आहेत. एक म्हणजे कला अकादमीचे दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर किंवा मडगाव-साखळीची रवींद्र भवने; तेथे भिंती, पडदे, वीज आणि बसण्याची जागा हे सर्व ठरलेले असते. दुसरा प्रकार म्हणजे देवळाच्या प्रांगणात जत्रेसाठी किंवा चवथीच्या दिवसांत वाड्यावर उभारलेला मंच. हातात धरायचा बिनतारी माइक, ज्याला आपण सगळे कॉर्डलेस म्हणतो, तो पहिल्या ठिकाणी सहसा निमूट चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी ऐन रंगात आलेल्या पदाच्या मध्येच तुटतो. असे झाले की दोष माइकच्या किमतीला दिला जातो. माझे मत वेगळे आहे. रिसीव्हर (माइकने हवेतून पाठवलेला आवाज झेलणारे यंत्र) कोठे ठेवला, फ्रिक्वेन्सी कशी निवडली आणि कलाकाराने माइक कसा धरला, या तीन गोष्टी नीट झाल्या तर मध्यम किमतीचा संचही रात्रभर साथ देतो. त्या चुकल्या तर महागडा संचही उपयोगाचा नाही.

प्रथम खरेदीविषयी. बाजारात दोन जातींचे संच मिळतात: यूएचएफ, म्हणजे काहीशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले आणि 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवानामुक्त असल्यामुळे तो सोयीचा वाटतो, परंतु वाय-फाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात नांदतात. लहान सभागृहातील व्याख्यानाला तो पुरतो. जेथे शेकडो प्रेक्षक खिशात मोबाइल घेऊन बसणार आहेत तेथे तो माझ्या पसंतीचा नाही. यूएचएफ संच घेताना तो नेमका कोणत्या मेगाहर्ट्झमध्ये चालतो हे खोक्यावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या रेडिओ फ्रिक्वेन्सींचे नियमन करणाऱ्या शाखेची मान्यता त्या उपकरणाला आहे का, हेही विक्रेत्याला विचारावे. 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा काही भाग 2022 च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी दिला गेला आहे. या पट्ट्यातील 703 ते 748 हा भाग फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संदेशांचा आणि 758 ते 803 हा मनोऱ्याकडून फोनकडे येणाऱ्या संदेशांचा आहे. म्हणजे जुना, स्वस्तात मिळालेला 740 मेगाहर्ट्झचा माइक दुपारी रिकाम्या मांडवात उत्तम चालेल आणि रात्री प्रेक्षकांच्याच फोनमुळे खरखरू शकेल. असा संच फुकट मिळाला तरी मुख्य गायकाच्या हाती देऊ नये.

संच शक्यतो ट्रू डायव्हर्सिटी असावा, म्हणजे त्याच्या रिसीव्हरमध्ये दोन ॲन्टेनांमागे दोन स्वतंत्र ग्रहणयंत्रणा असाव्यात. याचे कारण आपल्या मांडवांत आहे. पत्र्याचे छप्पर, लोखंडी ट्रस आणि एलईडी पडद्यामागची चौकट यांवर आदळून लहरी परततात. थेट आलेली लहर आणि परतलेली लहर एखाद्या बिंदूवर एकमेकींना खोडून काढतात आणि तेथे आवाज क्षणभर नाहीसा होतो. 600 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी अर्धा मीटर असते, त्यामुळे कलाकाराने अर्धे पाऊल टाकले तरी चित्र बदलते. दोन ॲन्टेना असल्या की एकीला जे मिळत नाही ते दुसरीला बहुधा मिळते. त्या सरळ उभ्या न ठेवता इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बाहेर झुकलेल्या ठेवाव्यात, कारण कलाकाराच्या हातातला माइक कधी उभा, कधी आडवा होत असतो.

आता रिसीव्हरच्या जागेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक बिघाडांचे मूळ येथेच असते. आपल्याकडे सवय अशी की मिक्सर (सगळे आवाज एकत्र करून नियंत्रित करणारे यंत्र) प्रेक्षकांच्या मागे आणि रिसीव्हर मिक्सरच्या शेजारी, टेबलावर. संध्याकाळी चाचणी घेताना मधल्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि सर्व काही ठीक दिसते. रात्री त्याच खुर्च्यांवर माणसे येतात, जत्रेत तर मागची गर्दी उभीच असते. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. हँडहेल्ड माइकची प्रक्षेपणशक्ती साधारण 10 ते 50 मिलिवॅट इतकीच असते. एवढ्या क्षीण संदेशाने गर्दीच्या भिंतीतून पंचवीस मीटर पार करावेत ही अपेक्षा धरू नये.

म्हणून रिसीव्हर मंचाच्या कडेला, विंगेत, कलाकारापासून तीन ते दहा मीटरवर ठेवावा आणि तेथून मिक्सरपर्यंत आवाज साध्या एक्सएलआर (तीन पिनांच्या माइकच्या) तारेने किंवा स्नेकने, म्हणजे अनेक तारा एकत्र असलेल्या जाड केबलने, न्यावा. तारेतून आवाज दूर नेणे सोपे आहे, हवेतून नेणे अवघड. ॲन्टेना कलाकारांच्या डोक्यांपेक्षा उंच असाव्यात आणि त्यांच्यापासून माइकपर्यंत डोळ्यांना सरळ रेघ दिसावी. देवळाच्या चिऱ्याच्या जाड भिंतीमागे, लोखंडी कपाटात किंवा एलईडी पडद्याला चिकटून रिसीव्हर ठेवू नये; हे पडदे स्वतःच बराच रेडिओ गोंगाट बाहेर टाकतात. ॲन्टेना लांब न्यायच्या असतील तर केबल चांगल्या प्रतीची, 50 ओहमची घ्यावी. पातळ आरजी-58 केबलच्या दहा मीटरांत निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच जिरते.

एकच माइक असेल तर फ्रिक्वेन्सी निवडणे सोपे आहे. रंगमंचावरचे सगळे दिवे आणि एलईडी पडदा चालू करावा, माइक बंद ठेवावा आणि रिसीव्हरला स्कॅन करू द्यावे. पडदा बंद ठेवून केलेले स्कॅन अर्धवट असते. मिळालेला मोकळा चॅनेल इन्फ्रारेडने माइकला द्यावा. दोन माइक एकाच फ्रिक्वेन्सीवर कधीही चालत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

तीन-चार माइक झाले की इंटरमॉड्युलेशन सुरू होते. दोन प्रक्षेपक जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि त्या जेथे पडतात तेथला तिसरा माइक बिघडतो. समजा, एक माइक 520.000 आणि दुसरा 520.400 मेगाहर्ट्झवर आहे. पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केला की 519.600 येते, दुसऱ्याच्या दुपटीतून पहिला वजा केला की 520.800. आता सारखे अंतर राखायचे म्हणून तिसरा माइक कोणी 520.800 वर लावला, तर त्याने संकट स्वतःच ओढवून घेतले. म्हणून फ्रिक्वेन्सींमधली अंतरे मुद्दाम असमान ठेवावीत. हा हिशोब कंपनीने आधीच करून ग्रुप आणि चॅनेल या रूपात दिलेला असतो. सर्व माइक एकाच ग्रुपमधील वेगवेगळ्या चॅनेलांवर लावावेत. दोन कंपन्यांचे किंवा भाड्याने आणलेले निरनिराळे संच एकत्र असतील तर पुढील चाचणी टाळू नये: सगळे माइक चालू करावेत, त्यांतील एकच बंद करावा आणि त्या बंद माइकच्या रिसीव्हरवर सिग्नलच्या काड्या दिसतात का ते पाहावे. काड्या दिसल्या तर तो चॅनेल बदलावा. एकामागून एक प्रत्येक माइकसाठी हे करावे. चालू माइक एका टेबलावर जवळजवळ निजवून ठेवण्याची पद्धतही सोडावी. जवळीक वाढली की हा उपद्रव वाढतो.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, लावताना कलाकाराला नेहमीच्या आवाजात बोलायला न लावता, सर्वांत चढा तान किंवा ललकारीचा भाग म्हणायला सांगावे. त्या क्षणी रिसीव्हरवरचा लाल दिवा लागत असेल तर माइकमधला गेन कमी करावा. रिसीव्हरचे आउटपुट मिक्सरच्या माइक इनपुटला जोडले असेल तर त्यावरचा कळ माइक पातळीवर आहे की लाइन पातळीवर, हे पाहून घ्यावे; पुष्कळदा फाटलेल्या आवाजाचे कारण एवढेच असते. मिक्सरवर 100 हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे घोगरे आवाज कापणारी सोय) चालू ठेवावा.

यापुढचे काम कलाकाराचे आहे. तान चढू लागली की गायकाचा हात नकळत वर सरकतो आणि अंगठा व तर्जनी जाळीभोवती आवळली जातात. जाळीच्या मागच्या बाजूने आत येणाऱ्या आवाजावरच माइकची दिशा अवलंबून असते. ती वाट झाकली गेली की समोरचेच ऐकणारा माइक चहूकडचे ऐकू लागतो आणि मॉनिटर, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर, शिटी मारतो. हात दांड्याच्या मध्यावर असावा. अगदी खालचे टोकही मुठीत धरू नये, कारण बऱ्याच माइकांची ॲन्टेना तेथे असते.

तोंडापासूनचे अंतर हा स्वतंत्र विषय आहे. अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. म्हणजे 3 सेंटिमीटरवरचा माइक 12 सेंटिमीटरवर गेला की 12 डेसिबल गेले. घुमट आरतीत हे फार जाणवते. घुमट, शामेळ (दोन्ही कातड्याने मढवलेली तालवाद्ये) आणि कांसाळे (झांजा) यांच्या मध्यभागी उभ्या असलेल्या गायकाने माइक हनुवटीपाशी, 2 ते 3 सेंटिमीटरवर धरला तरच त्याचे शब्द वाद्यांच्या वर येतात. माइक छातीशी आला की त्यात घुमटच जास्त शिरते आणि मिक्सरवर कितीही वाढवले तरी शब्द सुटे होत नाहीत. सूत्रनिवेदकाची अडचण वेगळी असते. एका हातात कागद, दुसऱ्यात माइक. तो कागदाकडे, मग पाहुण्यांकडे मान वळवतो आणि माइक जागीच राहतो. मान वळेल तसा माइकही वळावा, एवढे त्याला कार्यक्रमाआधी करून दाखवावे. गाणे थांबल्यावर हात खाली सोडला की माइकचे तोंड थेट जमिनीवरच्या मॉनिटरकडे होते, ही सवयही मोडावी लागते.

मॉनिटरची जागा माइकच्या जातीवर, म्हणजे तो कोणत्या दिशांनी ऐकतो यावर, ठरते. कार्डिओइड माइक बरोबर मागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर कलाकाराच्या सरळ समोर असावा. सुपरकार्डिओइड मात्र मागून थोडे ऐकतो आणि समोरच्या दिशेपासून सुमारे 126 अंशांवर बहिरा असतो. त्याच्यासाठी दोन मॉनिटर डाव्या-उजव्या बाजूंना तिरके ठेवावेत. उघडे माइक दुप्पट झाले की शिटी येण्याआधी आवाज जितका वाढवता येतो ती मर्यादा 3 डेसिबलने घटते, तेव्हा ज्याचे काम नाही तो माइक मिक्सरवर बंद ठेवावा.

सेलच्या बाबतीत काटकसर करू नये. अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टचा आणि रिचार्जेबल निकेल सेल 1.2 व्होल्टचा असतो. माइकच्या मेनूत सेलचा प्रकार योग्य निवडला नाही तर दाखवलेली पातळी खोटी असते. जत्रेतले नाटक उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. अशा वेळी पातळी कितीही दिसो, मध्यंतरात नवे सेल घालावेत. सेल बदलण्यापूर्वी त्या माइकचा चॅनेल मिक्सरवर बंद करावा, नाहीतर ठोका सगळ्या मांडवाला ऐकू जातो. विंगेत एक तारेचा माइक, मिक्सरला जोडलेला आणि तपासलेला, नेहमी उभा असावा.

कार्यक्रम संपल्यावर सेल काढूनच माइक पेटीत ठेवावा. आपल्या दमट, खारट हवेत विसरलेला अल्कलाइन सेल गळतो आणि स्प्रिंगवर पांढरट-हिरवट भुकटी चढते. ती आढळल्यास कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर घेऊन पुसावी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळवावी. जाळी फिरवून काढावी, आतला स्पंज सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावा आणि सावलीत पूर्ण सुकल्यावरच परत बसवावा; कॅप्सूलला पाणी लागू देऊ नये. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या दर काही आठवड्यांनी बदलाव्यात.