भट्टीचे अस्तर बदलताना: आधी भाजलेल्या सिरॅमिक ठोकळ्यांसाठी करावयाची तयारी

धातू वितळवणाऱ्या भट्टीत आधी भाजलेले सिरॅमिक ठोकळे बसवायचे ठरले, की निम्मे काम जुने अस्तर फोडण्यापूर्वीच करावे लागते. जागेवर ओतलेले कॅस्टेबल (पाणी घालून काँक्रीटसारखे ओतायचे उष्णतारोधक मिश्रण) भट्टीतच वाळते आणि तेथेच, एकाच बाजूने, भाजले जाते. त्यामुळे धातूकडचा भाग पक्का होतो आणि मागचा बराचसा कच्चा राहतो. ठोकळा मात्र सर्व बाजूंनी सारखा भाजून येतो. हा फायदा टिकतो तो सांधे, बैठक आणि प्रसरणाची फट यांच्या जोरावर, आणि म्हणूनच माझ्या मते तयारीचा बहुतेक वेळ या तिघांवर खर्च झाला पाहिजे.

प्रथम जुने अस्तर कोठे झिजले आहे, याची नोंद करावी. सगळीकडे ठोकळे लावण्याची गरज क्वचितच असते. मळी (वितळलेल्या धातूवर तरंगणारा मळ) काढणारे अवजार ज्यावर रोज घासते तो दाराचा उंबरठा, ओतमुख, बर्नरभोवतीचा भाग आणि धातूच्या पातळीचा पट्टा या जागा आधी धराव्यात. ॲल्युमिनियमच्या भट्टीत या पट्ट्याकडे विशेष लक्ष हवे, कारण वितळलेले ॲल्युमिनियम अस्तरातील सिलिकाचे क्षपण करते, म्हणजे तिच्यातील ऑक्सिजन काढून घेते, आणि तेथे कोरंडमचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) कठीण थर वाढत जातात. तेथील ठोकळ्यात सिलिका शक्य तितकी कमी असावी. मळी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे तपासल्याशिवाय मागणी नोंदवू नये, कारण ठोकळ्याची जात त्यावर ठरते. मॅग्नेशियाचे (मॅग्नेशियम ऑक्साइडचे) ठोकळे घेतल्यास ते कोरड्या जागीच ठेवावेत, कारण ओलाव्याने ते फुगून तडकतात.

ठोकळे आले, की प्रत्येक ठोकळा लहान हातोडीने हलकेच वाजवून पाहावा. अखंड ठोकळा खणखणीत वाजतो आणि आतून तडा गेलेल्याचा आवाज बद्द येतो. त्यानंतर क्रमांक घालून सर्व ठोकळे मॉर्टरशिवाय (सांधे भरण्याच्या लेपाशिवाय) सपाट जमिनीवर जुळवून पाहावेत. भट्टीचे पोलादी कवच वापराने फुगलेले किंवा वाकलेले असते, म्हणून मूळ आराखड्यावर विसंबून न राहता वेगवेगळ्या उंचीवर प्रत्यक्ष मापे घ्यावीत.

प्रसरणाचा हिशेब कागदावर मांडावा. जास्त ॲल्युमिना असलेला ठोकळा तापमान 1000 अंश सेल्सिअसने वाढले असता मीटरमागे साधारण 8 मिलिमीटर लांबतो, तर मॅग्नेशियाचा त्याहून बराच अधिक. फट ठेवलीच नाही तर ठोकळ्यांच्या कडा एकमेकींवर दाबल्या जाऊन त्यांच्या कपच्या उडतात. फट नको तितकी मोठी ठेवली तर धातू तिच्यात शिरतो. सांध्यातील मॉर्टर ठोकळ्याच्याच रासायनिक जातीचे असावे आणि थर 1 ते 2 मिलिमीटरपेक्षा जाड नसावा.

इंडक्शन भट्टीत, म्हणजे भोवतीच्या कॉइलमधील (तारेच्या वेटोळ्यातील) विजेने धातू तापवणाऱ्या भट्टीत, भाजलेली मूस (धातू वितळवण्याचे भांडे) बसवताना तिच्यामागची कोरडी पूड नीट ठासावी, मात्र कॉइलकडील थर सुटाच राहील अशा जातीची ती असावी. मुशीला तडा गेला तर झिरपणारा धातू तेथेच थिजून अडकतो. जमिनीकडे होणारी विद्युतगळती दाखवणारी यंत्रणा आधी तपासून घ्यावी.

ठोकळे भाजलेले आहेत म्हणून भट्टी लगेच पेटवता येते, हा समज धोक्याचा आहे. मॉर्टर आणि मागील भरावात पाणी असते, आणि वाफ झाल्यावर ते सुमारे 1,600 पट जागा मागते. थर्मोकपल (तापमान मोजणारे तारेचे साधन) लावून 110 ते 150 अंशांच्या टप्प्यावर पुरेसे थांबावे आणि पुढील वाढ पुरवठादाराच्या तक्त्यानुसारच करावी. एकदम तापवल्यास दाट ठोकळाही तडकतो.

जुने अस्तर फोडताना सिलिकाची धूळ उडते, म्हणून योग्य श्वसनमुखवटे आणि धूळ शोषणारी यंत्रे आधीच आणून ठेवावीत. हवेच्या झोताने झाडलोट करू नये. गळती झाल्यास धातू साठवणारा खड्डा पूर्ण कोरडा असल्याची खात्री करावी. पहिल्या वितळणीच्या वेळी सांध्यांच्या ओळीत कवचाचे तापमान नोंदवण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे द्यावे आणि तापमान किती चढले की भट्टी रिकामी करायची, तो आकडा त्याला लेखी द्यावा.