घरातलं वेबसाइट फिल्टर मधूनच गळतं? या चुका टाळा

राउटरमध्ये फॅमिली डीएनएस टाकला (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा; फॅमिली डीएनएस नको त्या साइट्सचा पत्ता देत नाही), तपासलं, नको त्या साइट्स बंद. दोन दिवसांनी त्याच साइट्स कधी उघडतात, कधी नाही. लगेच सेवा बदलू नका. आधी राउटरमधला डीएनएसचा दुसरा रकाना बघा.

पहिल्या रकान्यात क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ आणि दुसऱ्यात गूगलचा ८.८.८.८, ही सर्रास होणारी चूक. पहिला बंद पडला तरच दुसरा वापरला जाईल, असा समज असतो. प्रत्यक्षात बरीच उपकरणं दोन्हींपैकी कुणालाही विचारतात, आणि गूगलचा डीएनएस काहीच अडवत नाही. दुसऱ्या रकान्यात १.०.०.३ टाका. शेवटचा आकडाही नीट वाचा: १.१.१.२ फक्त घातक साइट्स अडवतो, प्रौढ मजकूर नाही, १.१.१.१ तर काहीच नाही.

एवढं करूनही गळत असेल तर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, तपासा. बऱ्याच फायबर कनेक्शनवर ते चालू असतं आणि त्याचे डीएनएस रकाने वेगळे असतात. ते रिकामे सोडले की इंटरनेट कंपनीचा डीएनएस उत्तर देत राहतो. तिथे २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरा. मग क्रोमच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ला दुसरी सेवा निवडलेली नाही ना, तेही पाहा. तसं असेल तर ब्राउझर राउटरला विचारतच नाही.

मोबाइल डेटावर राउटरचा काही उपयोग नाही. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्येच ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे आकडे चालत नाहीत, नाव लागतं: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एक अक्षर चुकलं तरी फिल्टर तर सोडाच, फोनचं सगळं इंटरनेटच बंद पडतं आणि लोक सिमला दोष देत बसतात. स्टेशन-हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान उघडलं नाही, तर हे सेटिंग तेवढ्यापुरतं बंद करा. मुलाच्या फोनमध्ये व्हीपीएन ॲप (फोनचं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणारं) असेल तर बहुतेकदा हे सगळं बाजूला पडतं. त्यामुळे ॲप टाकण्याची परवानगी आपल्या हातात ठेवा. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’चा, म्हणजे ॲप आणि साइट्सवर मर्यादा घालणाऱ्या सेटिंगचा, पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा हवा.

कॉम्प्युटरवर ठरावीक साइट्स अडवायला विंडोजची होस्ट्स फाइल (साइटचं नाव आणि पत्ता यांची यादी) बदलताना नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. सेव्ह करताना मागे ‘टीएक्सटी’ चिकटलं तर विंडोज ती फाइल वाचतच नाही. साइटचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, असं दोनदा लिहावं लागतं. सगळ्या नावांसाठी एकच तारांकन (*) चालत नाही.

यूट्यूबचा एकच चॅनेल डीएनएसने अडवता येत नाही. डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं, आतलं पान नाही. यूट्यूबचं ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ही सरसकट प्रौढ मजकूर गाळतं, ठरावीक चॅनेल नाही; त्यासाठी लहान मुलांना यूट्यूब किड्स द्या.

आणि उलट त्रास, म्हणजे शाळेची साइटच उघडत नसेल तर? प्रायव्हेट डीएनएस बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडून पाहा. उघडली तर बहुधा फिल्टरनेच अडवली आहे. १.१.१.३ वर तुम्हाला स्वतःची ‘ही साइट चालू द्या’ यादी करता येत नाही. तशी यादी हवी तर नेक्स्टडीएनएससारखी खात्यावर चालणारी सेवा घ्या. मात्र तिच्या मोफत योजनेत महिन्याला ३ लाख विचारणांची मर्यादा आहे. ती संपली की इंटरनेट चालू राहतं, अडवणं थांबतं. घरात टीव्ही आणि चार-पाच फोन असतील तर महिन्याच्या मध्यावर एकदा आकडा बघून घ्या.