हायड्रोजन बाँड कुठं होतो ते कसं ओळखायचं

सांगलीत बारावीच्या पोरांचे इथंच मार्क जातात, म्हणून नीट सांगतो. हायड्रोजन बाँड म्हणजे ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला चिकटलेला हायड्रोजन दुसऱ्या ऑक्सिजन-नायट्रोजनकडं ओढला जाऊन होणारा हलका बंध. आधी रचना काढा, नुसतं सूत्र बघून काय कळत नाय. मग एकच बघायचं, एच (हायड्रोजन) थेट ओ (ऑक्सिजन) किंवा एन (नायट्रोजन) ला चिकटलाय का? चिकटला असला तर तो रेणू आपल्यासारख्याच दुसऱ्या रेणूशी बाँड करतो, अल्कोहोल, आम्ल, प्रायमरी-सेकंडरी अमाइन (एन वर दोन किंवा एक एच असलेले) सगळे यातच आले. कार्बनवरचा एच सोडून द्या. ईथर, कीटोन यांच्याकडं नुसता ओ, त्यामुळं ते दुसऱ्याचा एच घेतात पण स्वतःचा देत नाहीत, पाण्याशी जमतं, आपापसात नाही.

आता आपल्या कारखान्याच्या मळीपासून बनतं ते इथेनॉल घ्या, ७८ अंशाला उकळतं, आणि डायमिथाइल ईथर, सूत्र तेच सी२एच६ओ, उणे २४ ला! हा फरक बाँडचाच. ॲसिटिक आम्ल तर ११८, कारण दोन रेणू दोन बाँडनी जोडी करतात.

अमाइनचा बाँड अल्कोहोलपेक्षा कमजोर, एन ची इलेक्ट्रॉनवरची ओढ ओ पेक्षा कमी म्हणून. आणि ऑर्थो-नायट्रोफिनॉल (ओएच आणि नायट्रो गट शेजारी-शेजारी) आलं की सावध, तिथं बाँड रेणूच्या आतच होतो, म्हणून ते वाफेबरोबर निघून येतं, पॅरा-नायट्रोफिनॉल (तेच गट समोरासमोर) मागं राहतं.