मुलांचं व्हायोलिन आणि घरचा रियाज: या चुका टाळा

'वाढतं अंग आहे, म्हणून एक माप मोठंच घेतलं.' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. गणवेश घेतोय का आपण? पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण ही मापं उगाच नाहीत. त्यात नावंही फसवी. पूर्ण व्हायोलिनचं धड 14 इंचांचं, तर अर्ध्याचं साधारण साडेबारा इंचांचं असतं. त्यामुळे अंदाजाने ऑनलाइन मागवू नका. व्हायोलिन मुलाच्या खांद्यावर ठेवा आणि त्याला डावा हात सरळ लांबवायला सांगा. टोकाचा गोल भाग तळहातात आला आणि बोटं त्याभोवती सहज वळली, तर माप बरोबर.

माझ्याकडे एक सात वर्षांचा मुलगा पाऊण व्हायोलिन घेऊन आला होता, चांगलं वर्षभर वाजवून. डावा खांदा कानाला भिडलेला, मनगट कोलमडून व्हायोलिनच्या मानेला टेकलेलं. करंगळी पोचतच नव्हती, म्हणून ती वापरायचीच नाही असं त्याने परस्पर ठरवलेलं. घरच्यांची तक्रार काय, तर 'याला आवडच नाही'. पाव मापाचं भाड्याने आणवलं. खांदा लवकर उतरला, मुलगा आपणहून व्हायोलिनची पेटी उघडायला लागला. मनगट सरळ व्हायला मात्र कित्येक महिने गेले आणि तेवढे दिवस नवीन काही शिकवता आलं नाही.

दुसरं दुखणं घरच्या रियाजाचं. मूल तिसऱ्या ओळीत अडतं आणि आतल्या खोलीतून हुकूम सुटतो: 'पुन्हा पहिल्यापासून!' यात पहिल्या दोन ओळी घोटून घोटून गुळगुळीत होतात आणि तिसरीतली चूकही तेवढ्याच वेळा पाठ होते. मी अडलेले दोनच सूर बाजूला काढते. आधी गज, म्हणजे तारांवर फिरवायची केसांची काठी, खाली ठेवून नुसती बोटं, मग हळू गजाने. सलग तीनदा बरोबर आलं की त्याच्या आधीचा एक सूर जोडायचा. पाच मिनिटांचं काम, पण तेवढा धीर कुणाला नसतो. सगळ्यांना कार्यक्रमात वाजवायचं गाणं हवं असतं. जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकींच्या पद्धतीत आधी आई किंवा वडिलांनाच थोडं वाजवायला शिकवतात. एकदा गज धरून बघा, मग ओरडा.

लहान मुलाला रोज पंधरा मिनिटं पुरतात. आठवडाभर पेटी बंद ठेवून रविवारी दीड तास बसवलं, तर फक्त मान दुखते.

नवा गज आवाजच करत नाही? वाद्य बिघडलेलं नाही, गजाच्या केसांना राळ, म्हणजे तारेवर पकड देणारा चिकट डिंक, लावलेली नाही. राळेची वडी नवी, चकचकीत असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरने घासा.

किंचाळतंय? बहुतेक वेळा गज घोडीवर, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीवर, चढलेला असतो किंवा तिरका गेलेला असतो. मुलाला आरशासमोर उभं करा.

फिंगरबोर्डवरच्या, म्हणजे बोटं दाबायच्या काळ्या पट्टीवरच्या, रंगीत खुणेच्या पट्ट्या मला आवडत नाहीत. मूल कानाऐवजी डोळ्यांनी वाजवायला लागतं. लावल्याच असतील तर एकेक करून काढत चला.

सगळ्या तारा एकदम कधीही काढू नका. घोडी पडते आणि धडाच्या आत उभी असलेली लाकडी खांबणीही निसटू शकते. मग कारागिराकडे जाणं आलंच. सर्वांत बारीक तार सुरात लावताना खुंटीने पिळू नका, खालच्या छोट्या स्क्रूने लावा. आणि रियाज झाला की गजाचे केस सैल करा. रोज.