किशोरवाचकांसाठी विनोदी भूतकथांची मालिका कशी लिहावी

भूतकथेत विनोद आणायचा म्हणून पुष्कळ नवे लेखक भुतालाच विदूषक करतात. भूत धडपडते, शिंकते, आरशात पाहून स्वतःच घाबरते. पहिल्या दहा पानांत याने हसू येते, पण पुढे वाचकाला त्या भुताचे काही वाटेनासे होते. एका कथेपुरते हे निभावते. मालिका मात्र त्यावर उभी राहत नाही, कारण ज्याची भीतीही वाटत नाही आणि ज्याच्यासाठी जीवही तुटत नाही, अशा पात्रासाठी तेरा-चौदा वर्षांचा वाचक तिसरे पुस्तक हातात घेत नाही. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी विनोद सुचण्याची वाट न पाहता आपल्या भुताचा नियम ठरवावा. त्याला काय करता येते, काय करता येत नाही आणि जे करता येते त्याची त्याला काय किंमत मोजावी लागते, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी एका वाक्यात लिहिता आली पाहिजेत.

ऑस्कर वाइल्ड यांच्या 1887 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कँटरव्हिल घोस्ट’ या कथेत हे फार सुरेख साधले आहे. ग्रंथालयाच्या जमिनीवरचा रक्ताचा डाग राखणे हे त्या जुन्या भुताला आपले कर्तव्य वाटते, आणि घरात राहायला आलेले अमेरिकी कुटुंब तो डाग पुन्हापुन्हा पुसून टाकते. भूत मुलीच्या रंगपेटीतले रंग चोरून डाग नव्याने रंगवते आणि लाल रंग संपल्यावर तोच डाग हिरवागार होतो. येथे भूत कोणालाही हसवायला निघालेले नाही. ते मनापासून आपले काम करते आहे, आणि हसू येते ते त्याच्या गांभीर्यामुळेच. पुढे तेच भूत आपल्याला तीनशे वर्षे झोप लागली नसल्याचे त्या मुलीला सांगते, तेव्हा आधी हसलेला वाचक हेलावून जातो.

किशोरांच्या कथेत आणखी एक अडचण हमखास येते: एवढे संकट आले असताना घरातली मोठी माणसे कुठे आहेत? त्यांना गावाला पाठवणे किंवा मठ्ठ दाखवणे हे दोन्ही उपाय कच्चे आहेत. जोनाथन स्ट्राउड यांच्या 2013 ते 2017 या काळात आलेल्या पाच पुस्तकांच्या ‘लॉकवुड अँड कंपनी’ या मालिकेत हा पेच एका नियमाने सुटला आहे. त्या जगात भुतांचा स्पर्श जीवघेणा असतो, पण त्यांची चाहूल लहान वयातच नीट लागते आणि वय वाढले की ती शक्ती ओसरते. त्यामुळे तलवार घेऊन अंधारात शिरण्याचे काम मुलांवर येते आणि मोठे होणे हीच एक टांगती भीती होऊन बसते. आपलाही नियम असा दुहेरी कामाचा आहे की नाही, हे अवश्य तपासावे.

मी सध्या लिहीत असलेल्या मालिकेतले एक उदाहरण देतो. पंधरा वर्षांच्या मीराला जुन्या सामानात एक कंपासपेटी सापडते आणि तिच्यात गणिताच्या एका शिक्षकांचे भूत अडकलेले असते. पेटीपासून वीस पावलांपलीकडे त्यांना जाता येत नाही. चुकीचे उत्तर दिसले की त्यांच्याही नकळत आसपासची हवा गार पडते. आणि असा गारवा पसरला की दर वेळी त्यांच्या हयातीतली एक आठवण पुसली जाते. पहिल्या पुस्तकात मीरा परीक्षेला बसते. ती उत्तर लिहिते आणि बाकाच्या कडेवर दव जमते. ती खोडून दुसरे उत्तर लिहिते, तेव्हा पुढच्या बाकावरचा मुलगा हातांवर फुंकर मारू लागतो.

“सर, तुम्ही मला उत्तर सुचवताय का?” ती कुजबुजते.

“परीक्षेत मी कोणालाही उत्तर सांगत नाही,” सर दुखावून म्हणतात. “पण वजाचे चिन्ह असे वाऱ्यावर सोडलेले मला पाहवत नाही.”

तिसऱ्या पुस्तकात मीरा त्यांच्या मुलीचा शोध घ्यायचे ठरवते आणि तिचे नाव विचारते. सर बराच वेळ खिडकीकडे पाहत राहतात आणि मग हळूच म्हणतात, “मला मुलगी होती?” परीक्षेतल्या ज्या गारव्याला वाचक हसला होता, त्याचीच ही किंमत आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

विनोदाची जागाही सांभाळावी लागते. संकट प्रत्यक्ष समोर असताना निवेदकाने कोटी करू नये. पात्रे घाबरून वेडेवाकडे बोलली तर चालते, कारण माणसे खरोखरच तशी बोलतात. निवेदन नायिकेच्याच तोंडी ठेवले तर हे सोपे जाते. तिचे वय अपेक्षित वाचकापेक्षा एखाद-दोन वर्षांनी जास्त असावे. आजच्या मुलांची बोलीभाषा मात्र जपून वापरावी, कारण ती फार लवकर शिळी होते.

मालिकेसाठी एक नियमवही ठेवावी. भुताने कोणत्या प्रकरणात काय केले, कोणती आठवण गेली, कोणाला पेटीचे रहस्य ठाऊक आहे, हे सगळे त्याच दिवशी टिपावे. किशोरवाचक एकच पुस्तक अनेकदा वाचतात आणि विसंगती त्यांच्या नजरेतून सुटत नाही. प्रत्येक पुस्तकातले प्रकरण त्याच पुस्तकात मिटावे, मोठा प्रश्न मात्र उघडा राहावा. अडचणीच्या वेळी भुताला नवी शक्ती देण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण त्याच क्षणी आधीची सगळी भीती खोटी ठरते.

पहिले पुस्तक हातावेगळे करण्यापूर्वी शेवटच्या पुस्तकातला निरोपाचा प्रसंग लिहून पाहावा, मग तो कितीही कच्चा असो. मी तो लिहिला तेव्हा लक्षात आले की सरांच्या मुलीचे नाव पहिल्या पुस्तकात, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, त्यांच्या तोंडून एकदा सहज यायला हवे होते. ते तेथे नव्हते; मागे जाऊन मी तेवढे एक वाक्य घातले.